'यूज्ड टू' कुठे अडखळतं? अनुभव लिहा

अर्धमात्रा
एका अर्जात 'आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हल एव्हरी डे' वाचलं आणि वहीतले लाल शाईचे गोल आठवले. घोळ सगळा आपल्या 'सवय'चा आहे. 'त्याला उशिरा यायची सवय आहे' म्हणजे तो नेहमी उशिरा येतो. 'त्याला गर्दीची सवय आहे' म्हणजे गर्दीचा त्याला त्रास होत नाही. 'बी यूज्ड टू' फक्त दुसऱ्या अर्थाचं. पहिल्यासाठी साधा वर्तमानकाळ, 'ही युजुअली कम्स लेट'. 'ही इज यूज्ड टू कमिंग लेट' व्याकरणात बसतं, पण अर्थ होतो की उशिरा येणं त्याच्या अंगवळणी पडलंय, त्याचं त्याला काही वाटत नाही. वह्या तपासताना तुम्हाला काय सापडतं?

खोडरबर
'आय यूज टू गो', तेही आजच्या सवयीबद्दल! अहो, याला वर्तमानकाळच नाही. 'जायचो, आता जात नाही' एवढ्यापुरतंच 'यूज्ड टू गो'.

निळी शाई
+१. प्रश्नात 'डिड' आलं की 'डी' गळतो, 'डिड यू यूज टू स्मोक?' नकारातही 'डिडन्ट यूज टू'. ऐकायला दोन्ही 'यूस्टु'च, म्हणून नुसतं कानावर लिहिणारे फसतात.

तिरकी रेघ
उच्चारावरून आठवलं. 'वापरतात' या अर्थी 'यूझ्ड', झ ऐकू येतो. सवयीच्या अर्थी स. 'द नाईफ इज यूज्ड टू कट पेपर' यात झ, आणि टूपुढे मूळ क्रियापद अगदी बरोबर. 'इज यूज्ड टू' दिसलं रे दिसलं की आयएनजी चिकटवणारेही असतात.

घाईघाई
मग आयएनजी लावायचं कधी? एका ओळीत सांगा, कुकर लावलाय 🙏

अर्धमात्रा
टूनंतर नाम ठेवून बघा. 'आय ॲम यूज्ड टू नॉइज' चालतं, म्हणून 'ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली'. 'आय यूज्ड टू नॉइज' चालत नाही, म्हणून 'यूज्ड टू वेक'. 'लुक फॉरवर्ड टू'लाही हीच कसोटी.

स्वल्पविराम
'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'वाल्या मेल दुरुस्त करत बसलं तर रिटायरमेंट येईल 😀 आणि 'सपोज टू'? तिथलाही डी बिचारा कायम गैरहजर.

खोडरबर
@स्वल्पविराम पोरं म्हणतात फोनचा कीबोर्ड खातो. कीबोर्डला प्रगतिपुस्तक द्यावं म्हणते.

निळी शाई
'वुड'चं कुणी लिहिलंच नाही. जुन्या, वारंवार घडणाऱ्या कृतीसाठी 'वुड' चालतं, 'एव्हरी समर वी वुड स्विम'. स्थिती असेल तर नाही. 'देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर' यात 'वुड बी' घातलंत की पूर्वीच्या विहिरीचा अर्थच जातो. आणि किती वर्षं, किती वेळा ते मोजून सांगायचं असेल तर साधा भूतकाळ, 'आय लिव्ह्ड देअर फॉर फाईव्ह इयर्स'. पेपरात हमखास इथे मार्क जातात, कारण मराठीत 'पाच वर्षं राहायचो' कानाला तितकं खटकत नाही.

घाईघाई
शिट्ट्या झाल्या. 'गेट' राहिलं ना?

तिरकी रेघ
'बी' म्हणजे सवय आहे, 'गेट' म्हणजे सवय होतेय. 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट'. पुढे नाम, सर्वनाम किंवा आयएनजी. जुन्या पुस्तकांत 'यूस्न्ट टू' असा नकार भेटेल, तो वाचायचा आणि सोडून द्यायचा.