वाइनबर्ग यांचे संशोधन निपाणीच्या तंबाखू पट्ट्याला काय देऊन गेले?

मूळ मत : निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, बेळगाव

अमेरिकेतील कर्करोग संशोधक रॉबर्ट वाइनबर्ग यांचे मोठेपण मला मान्य आहे. 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या प्रयोगशाळेने, आणि त्याच सुमारास इतर दोन चमूंनीही, असे दाखवून दिले की मूत्राशयाच्या कर्करोगातील रास हे पेशीला वाढण्याचा इशारा देणारे जनुक निरोगी रासपेक्षा डीएनएच्या केवळ एका अक्षराने वेगळे असते आणि तेवढ्याने प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन येते. 1986 मध्ये थॅडियस ड्रायजा यांच्या साथीने त्यांच्या चमूने पेशींच्या वाढीला आवर घालणारे रेटिनोब्लास्टोमाचे (डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचे) जनुक हाती आणले, तर 2000 मध्ये डग्लस हॅनाहान यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी कर्करोगाच्या पेशींची सहा ठळक वैशिष्ट्ये मांडली. आजही पदव्युत्तर वर्गात त्याच चौकटीत विषय शिकवला जातो.

परंतु या यशामुळे जगभरातील पैसा आणि हुशार तरुण जनुकांकडे वळले आणि कारण ठाऊक असलेला कर्करोग रोखण्याचे काम दुय्यम ठरले, असे माझे मत आहे. रासच्या एका प्रकारावरील पहिले औषध, सोटोरासिब, अमेरिकेत मंजूर व्हायला 2021 उजाडले, आणि तेही फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. उलट केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ उजेडात तोंड तपासले, तर तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हा निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. निपाणी-चिकोडी भागाला यांपैकी कशाची अधिक गरज आहे?

प्रतिसाद : पेशीजीवशास्त्राची प्राध्यापिका, खानापूर

सर, आपण जनुक आणि तंबाखू यांना दोन पक्षांत उभे केले आहे, तेच मला पटत नाही. तंबाखूतील नायट्रोसामाइन्स ही रसायने डीएनएला इजा करतात आणि ती इजा नेमकी कोठे होते, हे रासमुळेच बोट ठेवून दाखवता आले. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये तंबाखू चघळणाऱ्या भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश गाठींत एच-रास या रासच्याच एका प्रकारच्या जनुकात बिघाड आढळला. वाइनबर्ग यांच्या कामाविना तो प्रश्न विचारणेच शक्य नव्हते. अशा बिघाडाच्या डोके-मानेच्या कर्करोगावर टिपिफार्निब हे औषध रुग्णांमध्ये तपासले गेले असून काहींच्या गाठी आकसल्या आहेत.

औषधे उशिरा आली, हेही अर्धेच खरे आहे. त्यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांच्या चेतापेशींच्या गाठींत ‘न्यू’ नावाचे जनुक सापडले. त्याचे मानवी रूप म्हणजे हर-2. त्यावरील ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 पासून स्तनाच्या कर्करोगात वापरले जाते.

प्रतिसाद : तंबाखू उत्पादक कुटुंबातील वाचक, निपाणी

दोघांचेही वाचले. तंबाखू वाईट आहे हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नाही, असे समजू नये. 1981 च्या आंदोलनात आमच्या लोकांनी तंबाखूच्या भावासाठी गोळ्या झेलल्या आहेत. ज्या पिकावर घर चालले त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ जड होते. (इतर पिके घ्या असे सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचा भाव काय मिळेल ते मात्र कोणी सांगत नाही.) वखारीत तंबाखू कुटणाऱ्या आणि चाळणाऱ्या, वर दात घासायला मिश्री वापरणाऱ्या बायकांच्या तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणून तो दाखवला जात नाही. दुखू लागल्यावर मिरज, कोल्हापूर किंवा थेट मुंबईची टाटा गाठावी लागते. मात्र तपासणी गावात पोहोचली नाही, याचा दोष अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर

दोष त्यांच्या माथी मारलेला नाही, सर. मी प्रभावाबद्दल बोलतो आहे, आणि प्रभाव म्हणजे इतरांनी कोणती वाट धरली तो हिशेब. खुद्द वाइनबर्ग यांनीही 2014 च्या एका लेखात म्हटले आहे की हे शास्त्र गुंतागुंतीतून साधेपणाकडे गेले आणि पुन्हा गुंतागुंतीकडे आले. साधेपणाच्या त्या काळात सर्वांना एकच किल्ली सापडल्यासारखे वाटले होते.

प्रतिसाद : प्राध्यापिका, खानापूर

मग दोन्ही वाटा धरलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. पुण्यात जन्मलेल्या कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊती-संवर्धनाची (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभारली, उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध तपासला, आणि अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहितीही गोळा केली. त्यांना पद्मभूषण मिळाले ते 1982 मध्ये, म्हणजे रासच्या शोधाच्याच वर्षी. प्रयोगशाळेमुळे त्यांच्याकडून गावातले काम सुटले नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

रणदिवे यांचे उदाहरण मान्य, मॅडम. पण आपल्या महाविद्यालयात रास न शिकवता कोणी पुढे जात नाही, आणि रणदिवे यांचे नाव किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, ते आपणच वर्गात विचारून पाहा.