शनिवारच्या पटावरची हार: तुमची सांगा

मंडळी, आधी लालबागच्या आमच्या चिमुकल्या बुद्धिबळ क्लबाच्या बातम्या. मंडळाच्या खोलीत ढोल-ताशाचा सराव सुरू झालाय, त्यामुळे गणपती विसर्जनापर्यंत शनिवारचे डाव शेजारच्या चाळीच्या व्हरांड्यात. पट बारा, घड्याळं नऊ. त्यातलं एक चापट मारल्याशिवाय चालत नाही. एका संचातला काळा उंट कधीचा गायब आहे, त्याच्या जागी सोड्याच्या बाटलीचं बूच उभं करतो. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून मुली मुलांच्या आधी येऊन जागा धरतात. उत्तम.

जिंकल्याचे किस्से सगळ्यांकडे असतात आणि ते दर वर्षी वाढत जातात. म्हणून इथे फक्त हरल्याचे लिहा.

अडीच घरं: सुरुवात मीच करतो. चौथी फेरी, मी एक हत्ती वर, समोरचा गडी घामाघूम. इतक्यात माझ्या खिशात फोन वाजला. बायकोचा. येताना कोथिंबीर आणा. पंचांनी कागदावर शून्य लिहिलं, नियमच आहे तो. कोथिंबीर आणायलाही विसरलो, त्यामुळे त्या दिवशी दोनदा हरलो.

गिरणगावकर: मी आजोबांकडून शिकलो ते देशी बुद्धिबळ. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट (राजा-हत्तीने एकाच चालीत जागा बदलणं) नाही, पण शह बसलेला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो. आजोबा गिरणीतून रात्रपाळी करून आले की चहाबरोबर एक डाव, आणि प्याद्याने मात केली तरच ती खरी मात, बाकी सगळ्या हाणामाऱ्या. पहिल्या स्पर्धेत मी अकराव्या चालीला ऐटीत राजा उडवला. समोरच्या पोराने पंचांना हात केला. पंच वयस्कर होते, हसले नाहीत. म्हणाले, ‘ही चाल मीही खेळलोय, पण इथे नाही चालत.’ राजाला हात लावला होता, तेव्हा राजाच हलवावा लागला. जिथे हलवला तिथेच पुढे मेला.

मुलीची आई: लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. माझी मुलगी नऊ वर्षांची. अंधेरीला रॅपिड स्पर्धा, 15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद वाढीव. पालकांना आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही सगळे दाराच्या काचेला नाक लावून. तिचं प्यादं वजीर झालं, मग आणखी एक झालं. समोरच्या मुलाकडे नुसता राजा, तोही कोपऱ्यात. मला तेवढंच कळतं, दोन वजीर म्हणजे जिंकलो. तिच्या घड्याळात सात सेकंद दिसली आणि मी काचेतून मनगटावर बोट आपटत राहिले, लवकर, लवकर. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पटकन वजीर ठेवला. राजाला शह नाही आणि जायला एकही घर नाही. स्टेलमेट, अर्धा गुण. त्या मुलाने आधी स्वतःच्याच डोक्याला हात लावला आणि मग तिच्याशी हात मिळवला.

दादरपर्यंत गाडीत ती गप्प. मग डब्याच्या झाकणावर बोटाने घरं आखून मला दाखवलं. ‘इथे ठेवला असता तर मात होती. आणि आई, चाल केली की दहा सेकंद मिळतात. घाई नव्हती.’ ती रडली नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आता मी खाली जिन्यात बसते, पाठ दाराकडे करून.

पेंगुळलेला वजीर: दुपारची फेरी, त्याआधी खानावळीत श्रीखंड-पुरी. झोपलो. घड्याळातला वेळ संपला, डाव गेला.

माहेर गिरगाव: आमच्या लहानपणी ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुलींचं नाव घराघरात. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये वासंतीने जिंकली, 1981 मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. बाबांनी लगेच पट आणला. मी एकटीच, म्हणून शेजारच्या दोघी धरून आणल्या. माझी हार मात्र सासरची. लग्नानंतर सासऱ्यांशी पहिला डाव, मुद्दाम हरले. त्यांनी ओळखलं. काही न बोलता मोहरी पुन्हा मांडली आणि म्हणाले, ‘सूनबाई, आता खरा खेळ.’ तोही हरले, यावेळी खरोखरच. नंतर दहा वर्षं रोज जेवण झाल्यावर एक डाव ठरलेला. त्यांची नजर गेल्यावर मी चाल मोठ्याने सांगायची आणि ते बोटांनी मोहरी चाचपायचे.

एक जुना सभासद: काळ्या उंटाबद्दल. सहावीत होतो, तुमच्याच क्लबात सलग तीन डाव हरलो, आणि तिन्ही वेळा मला मारलं ते त्याच उंटाने. रागाने खिशात घातला. घर बदललं, गोरेगावला आलो, तो देव्हाऱ्याच्या खणात आहे. बायकोला सांगितलंय आजोबांची आठवण आहे म्हणून. शनिवारी घेऊन येतो.

धागाकर्ता: आणा. तुमचा लाकडी संच वाळवीने कधीच गेला, आताचे प्लास्टिकचे आहेत, त्यात तो बसायचा नाही. तरी आणा. बायकोला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.