शब्दचर्चा: ‘बहुवयीन वर्ग’ म्हटलं की म्हातारे का आठवावेत?

अर्धविराम:
शिक्षकांसाठीच्या एका हस्तपुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय प्राथमिक शाळेचा. सहा ते नऊ वर्षांची मुलं मुद्दाम एका वर्गात ठेवायची, त्यांच्यात इयत्ता पाडायच्या नाहीत आणि एकाच शिक्षकाने त्यांना तीन वर्षं शिकवायचं. मूळ शब्द ‘मल्टिएज’. मी ‘बहुवयीन वर्ग’ केलं. संपादकांचा शेरा आला, “अल्पवयीन म्हणजे कमी वयाचा, तर बहुवयीन म्हणजे जास्त वयाचा. वाचणाऱ्याला प्रौढ साक्षरतेचा वर्ग वाटेल.” त्यांनी सुचवलंय ‘बहुवर्ग’. तो मला चालणार नाही, कारण पुस्तिकेत ‘मल्टिग्रेड’ही आहे आणि हे दोन्ही एक नव्हेत यावर आख्खं प्रकरण आहे. सुचवा काहीतरी.

रफार:
संपादकांचं बरोबर आहे. ‘बहुव्रीहि’ हे समासाचं नावच घ्या. ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे तो, भाताच्या अनेक जाती असलेला नव्हे. त्या न्यायाने बहुवयीन म्हणजे वय झालेला.

मधलीसुट्टी:
मग बहुभाषिक म्हणजे वाचाळ का? आणि बहुमजली इमारत म्हणजे काय, मजल्यावर मजला मारणारी?

रफार:
विनोद बाजूला ठेवा. एका माणसाला भाषा अनेक येऊ शकतात. वय एका वेळी एकच असतं.

मधलीसुट्टी:
माणसाला एकच, कबूल. पण विशेषण वर्गाला लावलंय ना? वर्गात वयं अनेक आहेत. ‘बहुवयीन मुलगा’ म्हणालं तर ओरडा.

काजवा:
अर्धविराम, ‘बहुवर्ग’ला नकार दिलास ते योग्यच केलंस. डीएडला आम्ही ‘बहुवर्ग अध्यापन’ म्हणून शिकलो ते निराळं आणि पुढे नोकरीत तेच केलं. एक खोली, मी एकटी, दुसरी आणि चौथी. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे दुसरीची हातच्याची बेरीज, उजवीकडे चौथीचा भागाकार. एका बाजूला लेखनकाम लावून द्यायचं आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूला शिकवून घ्यायचं. एकदा ६१२ ला ६ ने भागायचं होतं. चौथीच्या पोराने फळ्यावर १२ लिहिले. दुसरीतली एक चिमुरडी आपली बेरीज सोडून इकडेच बघत बसलेली. ती म्हणते, “बाई, १२ कसे येतील? सहाशेलाच १०० येतात की.” मधलं शून्य तिने पकडलं होतं. पण नियोजनात दुसरीला हा भागाकार नाही. तिची परीक्षा बेरजेची. तिला रेघेच्या डावीकडेच बघायला लावणं हे माझं काम होतं.
बहुवर्गात इयत्ता जिवंत असतात, फक्त खोली एक असते. मुलं थोडी, शिक्षक थोडे, म्हणून केलेली ती सोय. तू म्हणतेस त्या वर्गात रेघच नाही. तिथे तिला भागाकाराकडे जाऊ दिलं असतं.

काना_मात्रा:
काजवाबाई, भारी किस्सा. या निमित्ताने ‘इयत्ता’ शब्दाबद्दल विचारतो. आमचे आजोबा कायम ‘यत्ता’ म्हणायचे. मला तो इरसाल, इज्जत यांच्या घरातला, म्हणजे अरबी-फारसी वाटत आलाय.

रफार:
अस्सल संस्कृत आहे हो. इयत् म्हणजे इतके. त्याला ‘ता’ लावला की इयत्ता, म्हणजे इतकेपणा, परिमाण. अमक्याची इयत्ता नाही म्हणजे त्याला मोजमाप नाही. गुण-गुणता, लघु-लघुता तसंच हे.

काजवा:
म्हणजे ‘इयत्ता दुसरी’चा अर्थ ‘इतकंच, याच्यापुढे बघायचं नाही’. शब्द करणाऱ्याने आमचं नियोजन वाचलेलं दिसतंय.

काना_मात्रा:
तरी वयानुसार इयत्ता पाडणं हे काही अनादि काळापासून चालत आलेलं नाही. अमेरिकेत बॉस्टनची क्विन्सी शाळा त्याचा नमुना मानतात, १८४८ ची. प्रत्येक शिक्षकाला वेगळी खोली, प्रत्येक मुलाला वेगळा बाक, मुलं यत्तावार लावलेली. कल्पना प्रशियाकडून आलेली. त्याआधी शाळा म्हणजे लहानमोठी सगळी एकत्रच. मग ‘बहुवयीन’ शब्द कशाला हवा? ‘वर्ग’च म्हणा, आणि दुसऱ्या प्रकाराला ‘एकवयीन’ म्हणा. नव्या प्रकाराने नवं विशेषण लावून घ्यावं.

मधलीसुट्टी:
हे म्हणजे मोबाइलवाल्यांनीच ‘फिरता फोन’ म्हणत बसावं आणि घरातल्याला नुसतं ‘फोन’. पावणेदोनशे वर्षं झाली, आता ‘वर्ग’ म्हटलं की एकाच वयाची मुलं डोळ्यांसमोर येतात.

अर्धविराम:
पुस्तिकेत माँटेसरीचाही भाग आहे. तिची पहिली शाळा रोममध्ये १९०७ ची. पुढे त्या पद्धतीत तीन ते सहा, सहा ते नऊ, नऊ ते बारा असे गट ठरून गेले. तिथे मी ‘मिश्र वयोगट’ वापरलंय आणि ते वाचताना अडत नाही. पण शीर्षकात ‘मिश्र वयोगट वर्ग’ लोंबतं. शिवाय त्यात हेतू येत नाही. मुलं चुकून मिसळली गेली असं वाटतं.

रफार:
‘समवयस्क’चा उलटा ‘विषमवयस्क’ घ्या. नियमात बसतो.

काजवा:
रफारराव, विषमवयस्क म्हटलं की मला थेट जरठ-कुमारी विवाह दिसतो. सहा वर्षांच्या पोरांना नको ते.

टिंबटिंब:
उशिरा आलोय. ‘वर्गविहीन शाळा’ कसं वाटतं? अमेरिकेत ‘नॉनग्रेडेड’ही म्हणतात. गुडलॅड आणि अँडरसन यांनी १९५९ मध्ये हाच शब्द पुस्तकाच्या नावात घेतला होता. केंटकी राज्याने तर १९९० च्या कायद्याने सुरुवातीच्या इयत्ताच काढून टाकायला सांगितल्या होत्या.

मधलीसुट्टी:
वर्गविहीन शाळा! पहिलीत अक्षरं, दुसरीत वर्गसंघर्ष, तिसरीत क्रांती.

टिंबटिंब:
हसा. पण ‘वर्ग’ हा शब्द किती ओझी वाहतो बघा. खोली तोच, मुलांचा गट तोच, इयत्ता तोच, समाजातला थर तोच आणि पाचाचा वर्ग पंचवीस. घोळ ‘बहु’चा नाही, ‘वर्ग’चा आहे. ‘इयत्तामुक्त गट’ म्हणा.

रफार:
हे ‘मुक्त’ आता कुठेही लावतात. हागणदारीमुक्त, कर्जमुक्त, इयत्तामुक्त. इयत्ता हा काही रोग आहे का?

काजवा:
आहे की नाही ते त्या शून्य पकडणाऱ्या पोरीला विचारायला हवं.

काना_मात्रा:
बहुवयीनाचा फायदा असा सांगतात की मोठी मुलं लहानांना शिकवतात. मग तसं शिकवणाऱ्या मुलाला काय म्हणायचं? ‘मॉनिटर’ मूळचा तोच. लॅटिन मोनेरे म्हणजे सावध करणे, समज देणे. अँड्र्यू बेल मद्रासच्या अनाथालयात होता. तिथे त्याने मलबारी मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं, मग मोठ्या पोरांकडून धाकट्यांना तसंच शिकवून घेतलं आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने पुढच्याच वर्षी तशी शाळा काढली. मास्तर एक, पोरं शेकडो, शिकवणारे सगळे मॉनिटर. आमच्या वेळी मॉनिटर उरला तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिण्यापुरता.

मधलीसुट्टी:
आणि पुन्हा बोललं की नावापुढे फुली. मी त्या फळ्यावरचा कायम रहिवासी.

काजवा:
त्या मॉनिटरचा इथे संबंध लावू नका. तो मास्तरची स्वस्त नक्कल होता. सांगितलेलं तसंच्या तसं पुढे वदवून घ्यायचं, बस. चांगल्या मिश्र वर्गात काम एकच असतं आणि त्याच्या पायऱ्या अनेक. पानांचा एक ढीग समोर टाकायचा. धाकटी दहा-दहाचे गठ्ठे करून मोजतात. मधली लांबी मोजून उतरत्या क्रमाने लावतात. मोठी सरासरी काढतात आणि मोजलेले आकडे मधल्यांकडून मागून घेतात. आकडा चुकला की सरासरी भलतीच येते, मग दोघं मिळून पुन्हा पट्टी लावतात. यात कोण कोणाला शिकवतंय ते ठरवून दाखवा. तिथे मॉनिटर नको. मला ‘जोडीदार’ पुरतो.

टिंबटिंब:
ऐकायला छान आहे, पण याने मुलं जास्त शिकतात का? नेदरलँड्सचे सायमन वेनमन यांनी १९९५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. बहुवर्ग, बहुवयीन आणि साधा वर्ग यांच्या निकालांत सातत्याने दिसणारा फरक सापडला नाही. तोटा नाही, तसा फायदाही नाही.

काजवा:
कारण नाव काहीही दिलं तरी बरेच शिक्षक मनात ती खडूची रेघ ओढूनच शिकवतात. मग फरक कुठून पडणार?

रफार:
तुम्ही सगळे हे ‘बहुवयीन’ वापरायला लागलातच, माझी परवानगी न घेता. वर टिंबटिंब यांनी तर सहज लिहून टाकलं.

टिंबटिंब:
लिहिताना दुसरं सुचलं नाही, एवढंच. माझं मत अजून ‘इयत्तामुक्त’लाच.

अर्धविराम:
पुस्तिका पुढच्या प्रकरणावर गेली आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न. एकच शिक्षक त्याच मुलांबरोबर दोन-तीन वर्षं राहतो, त्याला तिथे ‘लूपिंग’ म्हणतात. मराठीत?

मधलीसुट्टी:
साडेसाती.

रफार:
‘अनुवर्तन’. अनु + वृत्, मागोमाग जाणे.

काजवा:
कोण कोणाच्या मागोमाग जातंय, रफारराव? मुलं पुढच्या यत्तेत जातात आणि बाई त्यांच्या मागे. आमच्याकडे याला सरळ ‘बाई मुलांबरोबर वर चढतात’ म्हणायचे.

काना_मात्रा:
पण मिश्र वर्गात वर चढायला पायरीच नाही. बाई तिथेच, खोली तीच, दरवर्षी थोडी मोठी मुलं जातात आणि थोडी धाकटी येतात. मग तिथे लूपिंग म्हणता येतं का मुळात?

रफार:
येत नाही. म्हणून तर ‘अनुवर्तन’.

मधलीसुट्टी:
‘म्हणून तर’ कसं काय बुवा?