पैसे भरूनही चॅनेल बंद. केबलवाल्याशी भांडायचं की चॅनेलवाल्यांशी?

सातारकर_रजनी

नमस्कार. गेल्या मंगळवारपासून आईची दोन चॅनेल आमच्या केबलवर दिसत नाहीत. आई 76 वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. संध्याकाळी दिवा लावला की साडेसहा ते दहा तिचा टीव्ही, एवढाच तिचा विरंगुळा.

बंद व्हायच्या आधी आठवडाभर त्या चॅनेलवर खाली पट्टी फिरत होती, की तुमची केबल कंपनी आम्हाला बंद करणार आहे, अमुक नंबरवर मिस्ड कॉल द्या. आणि केबलच्या स्वतःच्या चॅनेलवर नेमकं उलटं, की यांनी दर वाढवलेत, आम्ही तुमच्यासाठी भांडतोय. खरं कोण बोलतंय?

आमच्याकडे पंधरा वर्षं एकच केबलवाले दादा येतात. परवा मी त्यांना जिन्यातच बरंच बोलले, "पैसे वेळेवर घेता आणि वर भरत नाही" असंसुद्धा. ते काही बोलले नाहीत. बॉक्सची वायर काढून परत लावली आणि गेले. आता भाऊ सांगतोय की हा कॅरेज फीचा वाद आहे आणि ती फी चॅनेलवालेच केबलला देतात. मग आमच्या पैशांचा संबंधच काय? मी दादांना उगाच बोलले का? आणि डिश घेऊन टाकू का?

केबल_वाळवा

ताई, मी वाळवा तालुक्यात 1998 पासून केबल चालवतो. सव्वाचारशे कनेक्शन आहेत. तुमचे केबलवाले दादा आणि मी एकाच जागी उभे आहोत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे पैसा दोन्ही दिशांनी वाहतो. ज्या चॅनेलवाचून लोक राहू शकत नाहीत, त्याचे पैसे गिऱ्हाईक देतं आणि ते केबलमार्फत वर चॅनेलकडे जातात. ज्या चॅनेलला लोकांपर्यंत पोचण्याची गरज आहे, ते उलट केबल कंपनीला पैसे देतं. त्याला कॅरेज फी म्हणायचं.

ही फी सुरू झाली जुन्या केबलच्या काळात. तेव्हा एका वायरीतून ऐंशी-नव्वद चॅनेल जायची आणि उभी राहायची त्याच्या कितीतरी पट. वर गावातल्या निम्म्या टीव्हींना बाराच बटणं. बारा बटणांत जो बसला तो घरात गेला, मागच्या नंबरांच्या हायपर बँडला जो पडला त्याला चांगला टीव्ही असलेलेच बघणार, तेही मुंग्यांसकट. म्हणून पुढच्या, प्राइम बँडच्या जागेसाठी चॅनेलवाले पैसे मोजायचे. कंट्रोल रूममध्ये मॉड्युलेटरचा, म्हणजे चॅनेल कुठल्या जागी लागेल ते ठरवणाऱ्या यंत्राचा, खटका इकडचा तिकडे केला की एखाद्या चॅनेलचा प्रेक्षक रातोरात घटायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बॉक्स आले, जागा वाढली, पण फी राहिली. 2017 च्या नियमांत ट्रायने, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवरच्या सरकारी नियामकाने, तिला मर्यादा घातली. साध्या चॅनेलला एका ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त 20 पैसे, एचडीला तेव्हा 40 पैसे. म्हणजे पाच लाख बॉक्स असलेल्या कंपनीला एका साध्या चॅनेलकडून महिन्याला फार तर एक लाख. शिवाय ते चॅनेल घेणारे जसे वाढतील तशी फी उतरत जाते आणि शंभरातल्या वीस घरांनी घेतलं की शून्य होते. 2020 मध्ये वर एका चॅनेलला एका कंपनीकडे महिन्याला चार लाखांची कमाल मर्यादाही आली. आईची चॅनेल लोकांनी पैसे देऊन घेतलेली असणार, म्हणून तुमच्याकडचा वाद बहुतेक या फीचा नसून दुसऱ्या दिशेच्या पैशाचा आहे.

तो असा चालतो. समजा चॅनेलची किंमत 19 रुपये आहे. त्यातले निदान वीस टक्के, म्हणजे 3 रुपये 80 पैसे, वितरणाचे म्हणून खाली राहतात. केबल कंपनी आणि माझ्यासारखा ऑपरेटर यांच्यात वेगळं काही ठरलं नसेल तर वाटणी 55 ला 45. माझ्या हातात 1 रुपया 71 पैसे येतात. एवढ्यासाठी मी कोणाचं चॅनेल अडवून धरेन का? दर ठरवताना मला कोणी विचारत नाही, करारावर माझी सही नसते. बंद झाल्यावर फोन मात्र माझ्याच खिशात वाजतो.

2023 चं सांगतो. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची किंमत 19 रुपयांपर्यंत ठेवता येईल असं ट्रायने नोव्हेंबर 2022 मध्ये ठरवलं. प्रसारकांनी, म्हणजे चॅनेलवाल्यांनी, नवे दर काढले, ते 1 फेब्रुवारीपासून लागू झाले. केबल कंपन्यांच्या फेडरेशनचं म्हणणं होतं की एवढा बोजा ग्राहकावर टाकता येणार नाही. ते केरळ उच्च न्यायालयात गेले, नव्या करारावर सह्या केल्या नाहीत. प्रसारकांचं म्हणणं, करार नाही तर सिग्नल नाही. 18 फेब्रुवारीला डिस्ने स्टार, झी आणि सोनी यांनी सह्या न केलेल्या कंपन्यांचे सिग्नल बंद केले. साडेचार कोटी घरं, असा फेडरेशनचा आकडा होता.

तो शनिवार होता, महाशिवरात्र. सगळं गाव उपासाला घरी, आणि दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू. सकाळी पहिला फोन आला तेव्हा मला वाटलं माझाच नोड, म्हणजे खांबावरची सिग्नलची पेटी, गेला. मीटर घेऊन खांबावर चढलो, सिग्नल ठणठणीत. तोवर सत्तावीस मिस्ड कॉल. मग कंट्रोल रूमचा मेसेज आला. देवळामागच्या एका काकींकडे गेलो, त्यांच्या मालिकेच्या जागी नुसता निळा पडदा. त्यांनी मला बसवलं, साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली आणि हळूच विचारलं, "बाळा, तुझं बिल थकलंय का? मी देऊ का थोडे?" ताई, शिव्या मी पचवतो, ती खिचडी मला गिळवेना. महिन्याचे सगळे पैसे मी आठ तारखेलाच भरलेले होते. दुसऱ्या दिवशी जडेजाने 42 धावांत सात गडी काढले, ते माझ्या गावाने मोबाईलवर एकमेकांच्या खांद्यावरून पाहिलं. आठवड्याभरात वर सह्या झाल्या, चॅनेल आली. त्या आठवड्यात माझी एकतीस कनेक्शन गेली ती गेलीच.

आता तुमचं. दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी खऱ्या आणि दोन्ही अर्धवट. दादांनी भरले नाहीत म्हणून चॅनेल जातं तेव्हा फक्त त्यांच्याच भागातलं जातं. साताऱ्यात दुसऱ्या पेठेत, त्याच कंपनीच्या बॉक्सवर दिसतंय का ते विचारा. तिथेही बंद असेल तर दादांचा दोष नाही. डिशबद्दल माझ्या धंद्याविरुद्ध पण खरं सांगतो. 2023 ला डीटीएचवर, म्हणजे डिशवर, ती चॅनेल चालू होती. पण असे वाद डीटीएचचेही होतात, आणि तुमच्याकडच्या पावसात छत्री किती वेळ तग धरते ते शेजाऱ्यांना विचारून मग ठरवा.

एक गोष्ट मात्र सोडू नका. चॅनेल ज्या दिवशी बंद झालं त्या दिवसापासून त्याचे पैसे घेता येत नाहीत, पॅकमध्ये असेल तर पॅकची किंमत त्या प्रमाणात कमी करायची असते. दादांकडे नको, कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्याच नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, जा. ट्रायकडे एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवून मिळत नाही.

छोटी_वाहिनी

वाळव्याच्या दादांनी कॅरेज फीचं लिहिलं, त्याची दुसरी बाजू. मी एका लहान मराठी फ्री चॅनेलच्या वितरण विभागात सहा वर्षं होतो. आमचं उत्पन्न फक्त जाहिरातीचं. जाहिरात मिळायला प्रेक्षक हवा, प्रेक्षक मिळायला केबलवर जागा हवी, जागेला फी. पाच टक्क्यांखाली प्रेक्षक असताना पूर्ण फी, म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी त्याने सगळ्यात जास्त द्यायची. आणि 20 पैशांची मर्यादा नुसतं वाहून नेण्याला आहे. बॉक्स सुरू करताच जे चॅनेल लागतं त्या लँडिंग पेजचे, चांगल्या नंबरचे पैसे वेगळे ठरतात. आमची वार्ताहर मुलगी सांगोल्यातून चारा छावणीच्या बातम्या करायची, अप्रतिम करायची. एका तिमाहीला प्रश्न आला की फी भरायची की जिल्ह्यातले वार्ताहर ठेवायचे. फी भरली. मोठ्यांची चॅनेल बंद झाली की देशभर बातमी होते. आमचं तीन जिल्ह्यांतून गेलं तेव्हा कोणाचा एक फोन आला नाही.

एडिसनचा_माधव

रजनीताई, शब्दामुळे गोंधळ होतो म्हणून सांगतो. अमेरिकेत कॅरेज फी म्हणतात ती बरोबर उलटी, टीव्ही पुरवणारी कंपनी चॅनेलमालकाला देते ती. इथे यूट्यूब टीव्ही आणि डिस्नेचा करार 30 ऑक्टोबर 2025 च्या रात्री संपला आणि ईएसपीएन, एबीसी वगैरे 14 नोव्हेंबरपर्यंत बंद होती, ऐन फुटबॉलच्या हंगामात. कंपनीने ग्राहकांना 20 डॉलरची सूट दिली. तुमच्या भावाने बातम्या इकडच्या वाचल्या आणि फी तिकडची ऐकली, असं झालं असेल.

सातारकर_रजनी

सगळ्यांचे आभार. इथल्या सदाशिव पेठेत मैत्रिणीकडे विचारलं, तिच्याकडेही बंद. मग कळायचं ते कळलं. काल दादांना बोलावून घेतलं आणि आईसमोरच माफी मागितली. त्यांनी मोबाईलमध्ये कंपनीला भरलेल्या पैशांची पावती दाखवली, मी बघायला नको म्हणत असताना. तक्रार नोंदवली आहे, नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. डिश सध्या नको. कमी झालेले पैसे कुठे दिसतात?

केबल_वाळवा

पुढच्या बिलात, त्या चॅनेलच्या किंवा पॅकच्या ओळीत. जुनं बिल शेजारी ठेवून ताडून बघा. नाही दिसले तर तोच तक्रार नंबर सांगून परत फोन करा. आणि आईंना सांगा, बॉक्सवर ते नंबर डिलीट करू नका, चालू झालं की त्याच नंबरवर येईल.