शब्दचर्चा: ‘हेतू अज्ञात’ की आणखी काही?

नमस्कार. मी नाशिकला असते. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, कसं भरावं याचं मराठी टिपण करते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे.

आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात इजा, विषबाधा, बुडणं अशा मृत्यूंचे गट आहेत: अपघात, स्वतःला केलेली इजा, दुसऱ्याने केलेला हल्ला. याखेरीज वाय १० ते वाय ३४ या कोडांचा आणखी एक गट आहे. माणूस कशाने गेला हे कळलेलं असतं, पण हा अपघात, आत्महत्या की खून, ते हाती असलेल्या माहितीवरून डॉक्टरला किंवा तपास करणाऱ्याला सांगता येत नाही, असे मृत्यू त्यात जातात. याला मराठीत काय म्हणायचं? जुन्या मसुद्यात ‘हेतू अज्ञात’ लिहिलं आहे. मला ते खटकतं.

एका शब्दासाठी एवढा खल का, तर बुडून झालेला मृत्यू घ्या. अपघाताने असेल तर डब्ल्यू ६५ ते ७४, आत्महत्या असेल तर एक्स ७१, कुणी बुडवलं असेल तर एक्स ९२, ठरवता आलं नाही तर वाय २१. शवविच्छेदनात फुफ्फुसं चारही वेळा सारखीच दिसू शकतात. आणि प्रमाणपत्रावर नुसतं ‘बुडून मृत्यू’ एवढंच लिहिलं, तर कोड देणारा तो अपघातात धरतो, कारण नियमच तसा आहे. डॉक्टर काहीच बोलला नाही तर एक आकडा वाढतो, ‘ठरवता आलं नाही’ म्हणाला तर दुसरा. म्हणून हे म्हणायला धड शब्द हवा.

प्रतिसाद (वार्ताहर, निफाड)
ताई, शब्द आहे की. ‘याप्रकरणी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली आहे.’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी लिहितो. साप चावलेला, विहिरीत पडलेला, फवारणीचं औषध पोटात गेलेला, सगळे त्याच रजिस्टरला. वाचकांना मात्र वाटतं, हार्ट अटॅक आला असेल.

धागाकर्ती
दादा, ‘अकस्मात’ मला फार आवडतो. अ + कस्मात्, म्हणजे ‘कशामुळे’ याचं उत्तर नसलेला. पण तुमचं ते वाक्य चौकशीच्या पहिल्या दिवसाचं आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. त्याखाली नोंद होते, मग पंचनामा, मग शवविच्छेदन, लागलं तर व्हिसेरा, म्हणजे काढून ठेवलेल्या अवयवांची रासायनिक तपासणी. मला हवा आहे तो शब्द हे सगळं होऊनही निकाल लागला नाही, त्या वेळचा.

प्रतिसाद (सुरगाणा)
‘अकस्मात’ नकोच. आमच्या पलीकडे लगेच गुजरात. गुजरातीत ‘अकस्मात’ म्हणजे आपला अपघात, आणि ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या! एका दवाखान्यात नातेवाईक ‘आपघात’ म्हणाला आणि लिहिणाऱ्याने कागदावर ‘अपघात’ लिहिलं, हे मी समोर बसून पाहिलं आहे. एक काना गेला आणि माणसाच्या मरणाचा अर्थच बदलला.

प्रतिसाद (फौजदारी वकिली करतो, नाशिक)
‘हेतू अज्ञात’ काढून टाका. कारणं दोन. ‘हेतू’ आपण कशासाठी वापरतो? ‘खुनामागचा हेतू काय?’ तिथे खून ठरलेलाच असतो, का केला एवढंच शोधायचं असतं. जीव जावा असं कुणाच्या मनात होतं की नव्हतं, हा प्रश्न निराळा. कायद्याच्या मराठीत त्याला ‘उद्देश’ म्हणतात, ‘ठार मारण्याच्या उद्देशाने’. दुसरं म्हणजे ‘अज्ञात’ ऐकलं की आमच्या कानात ‘अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा’ वाजतं. गुन्हेगार आहे, फक्त नाव कळलेलं नाही. तुमचे दोन्ही शब्द वाचणाऱ्याला खुनाकडे ढकलतात.

प्रतिसाद (वार्ताहर, निफाड)
वकीलसाहेब, पटलं. आमचा मथळाही तसाच, ‘अपघात की घातपात?’ यमक जुळतं म्हणून दोनच शक्यता उरतात, आत्महत्या बाहेरच राहते. आणि पुष्कळदा तीच घरच्यांना छळत असते.

एक प्रसंग सांगतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या एका शेततळ्यात तरुण मुलगा बुडून गेला. काठावर चपला व्यवस्थित शेजारी शेजारी काढलेल्या. गाव लगेच म्हणालं, ‘चपला काढल्यात म्हणजे ठरवूनच गेला.’ त्याची आई मला म्हणाली, ‘भाऊ, त्या कागदावर चपलेनं कुणी उतरतं का? घसरतं ना.’ मी स्वतः जाऊन पाहिलं. काळं प्लास्टिक, वर शेवाळ, उताराला हाताने धरायला काही नाही. पाइपच्या फुटव्हॉल्व्हची, म्हणजे पाण्यातल्या टोकाच्या झडपेची, जाळी साफ करायला उतरायचं तर आम्हीही चपला काढूनच उतरतो. त्या चपला दोन्ही बाजूंनी साक्ष देत होत्या. मी बातमीत ‘संशयास्पद मृत्यू’ लिहिलं. मी ते लिहायला नको होतं. त्या शब्दाने संशय मृत्यूवर राहिला नाही, घरच्यांवर गेला.

धागाकर्ती
दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ‘संशयास्पद’ टिपणात येणार नाही.

मग ‘अनिश्चित’ की ‘अनिर्णीत’? ‘अनिश्चित’मध्ये पुढेमागे कळेल असा भाव आहे, पावसाचा अंदाजही अनिश्चित असतो. ‘अनिर्णीत’ म्हणजे तपासलं, पारखलं, आणि निर्णय करता आला नाही. माझा कौल यालाच.

प्रतिसाद (मराठीची शिक्षिका, पंचवटी)
शब्द योग्य. ‘णी’ मात्र दीर्घच, ‘अनिर्णित’ लिहू नका. सामन्याच्या बातम्यांनी तो ऱ्हस्व केला आहे. आणि सामन्यामुळेच हा शब्द कुणाला इथे हलका वाटेल, त्याचा विचार करा.

धागाकर्ती
बाई, केला. ‘उद्देश’ शेजारी आला की सामना आठवत नाही, असं मोठ्याने वाचून पाहिलं.

राहिला एक गुंता. नमुना ४ वर मृत्यूच्या प्रकारासाठी पाच पर्याय आहेत: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, तपास प्रलंबित. अनिर्णीतला जागाच नाही. डॉक्टर ‘प्रलंबित’वर खूण करतात, व्हिसेराचा अहवाल नंतर येतो, आणि प्रमाणपत्राकडे परत कुणी वळलं नाही तर ते कायमचं प्रलंबित राहतं. प्रलंबित म्हणजे अजून पाहायचं आहे, अनिर्णीत म्हणजे पाहून झालं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, हे मी टिपणात ठळक करते आहे.

वकीलसाहेब, ही ओळ एकदा नजरेखालून घाला:

‘उद्देश अनिर्णीत: मृत्यूचं कारण कळलं आहे, तो अपघात, आत्महत्या की खून, हे उपलब्ध माहितीवरून ठरवता आलं नाही. इजा कशी झाली, कुठे झाली आणि काय काय तपासलं, ते आपल्या शब्दांत लिहा. जागा रिकामी सोडू नका.’

प्रतिसाद (फौजदारी वकिली करतो, नाशिक)
ठीक आहे. फक्त ‘ठरवता आलं नाही’च्या आधी ‘तपासाअंती’ घाला.