कॉक्स-२ निरोधकाची निवडकता डॉकिंगमध्ये का दिसत नाही?

प्रश्न

मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात असून दाहाशी संबंधित कॉक्स-२ या विकराचे (एन्झाइमचे) निवडक निरोधक, म्हणजे त्याच्यासारख्याच कॉक्स-१ ला फारसे न रोखता कॉक्स-२ ला रोखणारे रेणू, रचत आहे. पायराझोलच्या सांगाड्यावरील माझ्या बारा रेणूंना डॉकिंगमध्ये (रेणू विकरात कसा बसेल याच्या संगणकीय अंदाजात) कॉक्स-१ आणि कॉक्स-२ या दोन्हींत जवळपास सारखेच गुण मिळतात. दोहोंची सक्रिय स्थाने इतकी सारखी असतील, तर सेलेकॉक्सिब या कॉक्स-२ रोखणाऱ्या औषधाला निवडकता मिळते तरी कुठून?

प्रतिसाद १

विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीतील ५२३ वे स्थान पाहावे. कॉक्स-१ मध्ये तेथे आयसोल्युसीन आहे, कॉक्स-२ मध्ये व्हॅलीन. फरक अवघ्या एका कार्बनाचा, पण तेवढ्याने कॉक्स-२ मधील बाजूच्या कप्प्याची वाट मोकळी होते. सेलेकॉक्सिबचा सल्फोनामाइड गट त्या कप्प्यात शिरून ५१३ व्या स्थानावरील आर्जिनीनपाशी स्थिरावतो. कॉक्स-१ मध्ये त्या जागी हिस्टिडीन असते. हे केवळ चित्रावरून केलेले अनुमान नाही: कॉक्स-२ मधील व्हॅलीनच्या जागी आयसोल्युसीन बसवले की अशा रेणूंची निवडकता बहुतांशी जाते. आपला सल्फोनामाइड फिनिल वलयाच्या पॅरा (थेट समोरच्या) स्थानीच आहे ना?

प्रतिसाद २

वरील उत्तर बरोबर आहे, पण माझ्या मते कालाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. सेलेकॉक्सिब कॉक्स-१ ला चटकन धरतो आणि चटकन सोडतो. कॉक्स-२ शी मात्र तो आधी सैल जोडला जातो व मग सावकाश इतका घट्ट बसतो की सहजी सुटत नाही. डॉकिंगच्या गुणांत ही गती उतरतच नाही. प्रत्यक्ष चाचणीतही अ‍ॅराकिडोनिक आम्ल (विकर ज्यावर क्रिया करते तो पदार्थ) घालण्यापूर्वी विकर आणि रेणू काही मिनिटे एकत्र ठेवले नाहीत, तर निवडक रेणूही सामान्य वाटतो. हा टप्पा गाळल्यामुळे आम्ही एकदा एक चांगला रेणू बाद केला होता, आणि चूक लक्षात येईपर्यंत सहा महिने गेले.

प्रतिसाद ३

निवडकता कोणाच्या तुलनेत, हेही ठरवावे. प्राथमिक सल्फोनामाइड कार्बोनिक अनहायड्रेजमधील जस्ताला धरतो, म्हणून त्या विकरावरही चाचणी घ्यावी. शिवाय कॉक्स-२ रोखल्याने रक्तवाहिन्यांतील, रक्त गोठण्यास विरोध करणारे प्रोस्टासायक्लिन घटते आणि बिंबिकांतील (प्लेटलेट्समधील), गोठण्यास मदत करणारे थ्रॉम्बॉक्सेन तसेच राहते. हृदयविकाराच्या वाढलेल्या धोक्यामुळे २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे दुसरे कॉक्स-२ निरोधक औषध बाजारातून मागे घेतले गेले, त्यामागचे हे प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते.

प्रश्नकर्ता

बारापैकी सात रेणूंत सल्फोनामाइड मेटा स्थानी आहे. उरलेल्या पाचांची चाचणी आता शून्य, पाच आणि पंधरा मिनिटे एकत्र ठेवून घेतो.