विषय: ट्रेलर ओढायला गाडी कुठली? शुक्रवारच्या आत सांगायचं आहे

प्रेषक: धाकले (मुक्काम शाहूपुरी, महिनाअखेरपर्यंत)
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, सगळ्यांनी दिवाळीच्या फराळाला पाहिलाच आहे. प्रश्न गाडीचा आहे. घरची तीन रांगांची एसयूव्ही कागदावर ५,००० पाउंड ओढते. ट्रेलर रिकामा ४,३०० चा, भरून जास्तीत जास्त ५,८००. ज्यांनी ट्रेलर विकला ते म्हणाले, "रिकामा ४,३०० आहे ना, मग बिनधास्त ओढा." माझं मन घेत नाही.

दुसरीकडे एक वापरलेली पिकअप मिळते आहे. जाहिरातीत ९,००० पाउंड ओढते असं लिहिलंय, पुढची सीट बाकासारखी, म्हणजे सहाजण बसतात. मालक शुक्रवारपर्यंत थांबायला तयार आहे. मी इथं कोल्हापुरात, गाडी तिथं कॅलिफोर्नियात. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आणि तिथून टायोगा पासचा घाट ओलांडून पलीकडे जायचं आहे. एसयूव्हीवर भागेल की पिकअप घेऊ? ज्यांनी स्वतः ट्रेलर ओढला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, रात्री १०.१५

आधी एक विनंती. गणपतीच्या सामानाच्या ट्रेलरची हिच (गाडीमागची जोडणी) आणि तिच्यावरचा बॉल कुणाकडे आहे ते कळवावे. विसर्जनानंतर परत आलेले नाही, नोंदवहीत सहीसुद्धा नाही. धाकले, आपण ते नेले असेल तर या ट्रेलरला लावू नका. मंडळाचा बॉल २ इंची आहे. तुमच्या ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी) बहुतेक २-५/१६ इंचाचा असेल. लहान बॉलवर मोठा कपलर बसतो, बसल्यासारखा दिसतोही, आणि रस्त्यातल्या पहिल्या खड्ड्याला उचलून बाहेर येतो. बॉलच्या डोक्यावर माप कोरलेले असते. अंगठ्याने ग्रीस पुसून वाचा.

प्रेषक: ताई
बुधवार, पहाटे ५.५०

हिच आमच्या गॅरेजमध्ये आहे, मी आरतीच्या दिवशीच सांगितलं होतं. शनिवारी आणून देते.

धाकले, आता माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी आय-५ महामार्गावर ग्रेपव्हाइन घाटाचा ६ टक्क्यांचा उतार उतरत होतो. मागच्या बंपरवर चार सायकली आणि मागच्या बाजूच्या टाकीत काठोकाठ पाणी. ४० गॅलनची टाकी, म्हणजे तिथंच ३३० पाउंड. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा झोत लागला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला. आधी हळू, मग अख्खी गाडी आडवी ओढायला लागला. ह्यांनी घाबरून ब्रेक दाबला. तसं ते आणखी वाढलं! मागे मुलं ओरडत होती. मी हात लांब करून ट्रेलर ब्रेकचा खटका दाबला, नुसते ट्रेलरचे ब्रेक लागले, आणि तो सरळ झाला. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि हाताने ट्रेलरचे ब्रेक लावायचे. हे चौघांनी पाठ करून ठेवा.

नंतर ट्रक थांब्याच्या वजनकाट्यावर गेलो. ट्रेलरच्या वजनाचे जेमतेम ७ टक्के हिचवर येत होते. १० ते १५ टक्के पाहिजेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असला की वेगाची मर्यादा ५५ मैल. आम्ही त्या दिवशी ६५ ने चाललो होतो, हेही लिहिते, कारण दोष फक्त सायकलींचा नव्हता.

प्रेषक: अण्णा, मंगळवार पेठ
बुधवार, दुपारी १.०५

ताईनं सांगितलं त्याला आमच्याकडं गाडी उलार होणं म्हणतात. बैलगाडीत माल मागं पडला की धुरा वर उठतो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, मग गाडी बैलाच्या हातात राहत नाही. माल पुढं जास्त झाला तर मान दबते. पिढ्यान्‌पिढ्या गाडीवान माल चढवला की आधी धुरा हातानं उचलून बघतो. तुमच्या त्या टंग वेटचं, म्हणजे हिचवर येणाऱ्या भाराचं, हेच गणित आहे.

आज सकाळी मुद्दाम कसबा बावड्याच्या रस्त्याला जाऊन थांबलो. उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. एका पोराला ट्रॅक्टर थांबवायला लावून हुक बघितला. पिन एका अंगानं झिजून चमकत होती, चांदीसारखी. त्यानं तेलाच्या फडक्यानं पुसून दाखवली, म्हणाला दर हंगामाला बदलतो. चार चाकी ट्रॉली आपला भार स्वतः पेलते, ट्रॅक्टर नुसता ओढतो. दोन चाकी ट्रॉली मात्र भाराचा वाटा हुकावर टाकते, चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात. तुझा ट्रेलर दुसऱ्या जातीचा. त्याची चाकं मधोमध आहेत, म्हणजे तो तुझ्या गाडीच्या पाठीवर बसणार. तेव्हा किती ओढते हे विचारू नकोस. पाठीवर किती घेते हे विचार.

उद्यमनगरात तीस वर्षं काम केलंय म्हणून सांगतो, ओढण्यानं गाडी मोडत नाही, बसण्यानं मोडते.

प्रेषक: सचिव
बुधवार, दुपारी २.२०

ही चर्चा सहलींच्या ई-मेल यादीवर गेली असती तर बरे झाले असते. असो, सुरू झाली आहे तर चालू द्या. अण्णा, येताना कांदा-लसूण मसाला दोन किलो आणाल का? मागच्या खेपेचा सगळ्यांना पुरला नव्हता.

प्रेषक: मिलपिटासचे दादा
बुधवार, दुपारी ४.४५

टायोगा ९,९४३ फुटांवर आहे. साध्या पेट्रोल इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के कमी होते. वर गेल्यावर जवळजवळ ३० टक्के गेली. टर्बोला, म्हणजे हवा दाबून आत घेणाऱ्या इंजिनाला, एवढा फटका बसत नाही. म्हणून मी म्हणतो, टर्बोवालं डिझेल घे, पाऊण टनी (जास्त भार पेलणारी) पिकअप घे, विषय संपव. योसेमिटीला जाताना न्यू प्रीस्ट ग्रेड या नव्या घाटरस्त्यानेच चढ, जुन्या रस्त्यावर ट्रेलर घालू नकोस.

प्रेषक: ताई
बुधवार, संध्याकाळी ६.३०

दादा, डिझेल प्रत्येकाला परवडत नाही. त्याला पोरांना शाळेत सोडायलाही हीच गाडी लागणार आहे.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री ८.००

अण्णांचे बरोबर आहे, फक्त आकडा कुठे लिहिलेला असतो ते सांगायचे राहिले. ड्रायव्हरचे दार उघडा, खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसे आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये, असे त्यावर छापलेले असते. तो आकडा त्या एकाच गाडीचा असतो, मॉडेलचा नव्हे. एकाच कंपनीच्या दोन पिकअप शेजारी उभ्या केल्या तरी काचेचे छप्पर आणि जड सीट असलेलीचा आकडा कमी निघतो. ९,००० चा आकडा जाहिरातीचा. तो पुरा पडायच्या आधी दारावरचा आकडा संपतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच जरूर घ्या, ती थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटते. पण स्टिकरवरचा आकडा तिने वाढत नाही. दोन्ही गाड्यांच्या स्टिकरचे फोटो मागवा. आणि हिशोब रिकाम्या ४,३०० वर नव्हे, ५,८०० वर करा. रिकामा ट्रेलर घेऊन कोणीही सहलीला जात नाही.

प्रेषक: धाकले
गुरुवार, सकाळी ११.१०

मेव्हण्याने रात्रीच जाऊन फोटो पाठवले. आमची एसयूव्ही १,२५० पाउंड. पिकअप १,५४०.

इथं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वजन विचारलं. आई आधी सांगायलाच तयार नव्हती. मी १७५, ही १४०, दोन पोरं मिळून १६०, आई-बाबा मिळून २८५. एकूण ७६०. टंग वेट ५,८०० च्या साडेबारा टक्क्यांनी ७२५, हिच स्वतः ८०. बेरीज १,५६५.

म्हणजे एसयूव्ही तर दूरच. आई-बाबांना वगळलं तरी १,२८० होतात, १,२५० मध्ये बसत नाही. विकणाऱ्यानं "बिनधास्त" म्हटलं होतं, त्यानं एकदाही दार उघडून दाखवलं नव्हतं. राग येतो, कारण माझी दोन पोरं मागे बसणार होती. आणि पिकअपसुद्धा २५ पाउंडांनी कमी पडते, तेही एक पिशवी न घेता.

आई-बाबा ट्रेलरमध्ये बसले तर?

प्रेषक: ताई
गुरुवार, सकाळी ११.२५

मुळीच नाही! चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बहुतेक राज्यांत बंदी आहे. आणि ग्रेपव्हाइनवर आमचा ट्रेलर आतून कसा झाला होता ते मी पाहिलंय. कपाटाची दारं उघडून स्टीलची ताटं जमिनीवर, फ्रिजमधलं दही भिंतीवर.

प्रेषक: अण्णा, मंगळवार पेठ
गुरुवार, दुपारी १२.४०

लेकरा, २५ पाउंड म्हणजे अकरा-साडेअकरा किलो. तेवढ्यासाठी गाडी सोडू नकोस आणि तेवढंच आहे म्हणून दुर्लक्षही करू नकोस. आई-बाबांना दुसऱ्या गाडीत बसव. मग वर अडीचशे-एक पाउंड उरतात, त्यात कूलर, चादरी, शेगडी येते. पाण्याची टाकी घरून भरून नेऊ नकोस, मुक्कामाला पोचल्यावर भर. जड डबे ट्रेलरच्या चाकांच्या पुढं लाव. निघण्याआधी काट्यावर जाऊन एकदा वजन करून घे, कागदावर विसंबू नकोस.

मी उद्या सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला असतो. ये, फोटो घेऊन ये. त्या पिकअपची हिच कुठल्या बोल्टांवर बसवलीय ते मला बघायचं आहे.

प्रेषक: मिलपिटासचे दादा
गुरुवार, दुपारी १.३०

पाऊण टनी घेतली असती तर हा हिशोबच करावा लागला नसता. पण ठीक आहे. पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा) आतूनच बसवलेला आहे का ते विचार. नसेल तर तो आणि ट्रेलरची वायर जोडायचं ७ पिनांचं सॉकेट, दोन्ही बसवून घे.

प्रेषक: धाकले
शुक्रवार, सकाळी ८.२०

अण्णांना भेटून आलो. हिच चॅसीला बोल्टनं आहे, बंपरला नाही. ब्रेक कंट्रोलर आतूनच आहे. मालकाला होकार कळवला.

ताई, जूनमध्ये तुम्ही येणारच आहात ना? तुमच्या गाडीत दोन जागा मिळतील का?

प्रेषक: ताई
शुक्रवार, सकाळी ८.३५

मिळतील. बाबांना पुढची सीट, गुडघा लांब करता यायला हवा. आईंना सांग, वजन मी विचारणार नाही.